पाय न टेकता घासायचे कसे? ड्रोनने सौर पॅनल धुण्याचा प्रश्न आणि कोकणचा मळ

दसऱ्याच्या सुमारास पावसाने आवरते घेतले की कोकणातल्या छपरांवरील सौर पॅनलांचा फुकटचा धोबी निघून जातो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस काचेवरून वाहतो, तेव्हा मालकाला बोटही लावावे लागत नाही. त्यानंतर मात्र पुढचा पाऊस येईपर्यंत काचेवर जे बसते ते बसूनच राहते. केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, तेव्हापासून वाडीवाडीत पॅनल दिसू लागले आणि ‘वर चढून पुसायचे कोणी’ हा प्रश्नही घरोघरी आला. कोकणात स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड घालण्याची रीत आहे आणि पुष्कळ ठिकाणी पॅनल त्या पत्र्यावर बसवलेले असतात. त्या निसरड्या उतारावर हातात बादली घेऊन चढणे हे धाडसच आहे. त्याच सुमारास ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरले आणि शेतावर औषध मारणारे हे यंत्र गावाच्या ओळखीचे झाले. जो ड्रोन आंब्यावर फवारा मारू शकतो, तोच पॅनल का धुऊ शकणार नाही, हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेताना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: उडण्याची अडचण आता बरीचशी सुटलेली आहे, घासण्याची सुटलेली नाही.

प्रथम मळाकडे पाहू, कारण कोकणातला मळ राजस्थानातल्या वाळूसारखा नाही. तिकडच्या मोठ्या प्रकल्पांत कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रे रात्री पॅनलांच्या रांगांवरून सरकतात आणि धूळ झटकून टाकतात. इकडे चिरेखाणींची आणि कच्च्या रस्त्यांची तांबडी माती उडते. जांभ्याच्या या मातीत लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि अगदी बारीक चिकणमातीचे कण असतात. तिच्या जोडीला समुद्रावरून येणारे मीठ असते. मिठाचा स्वभाव असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलेच पाणी ओढून विरघळते, आणि किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता बहुतेक वेळा त्याच्या वरच असते. शिवाय रात्री पॅनलची काच उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत असल्यामुळे भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दंव साचते. रात्री मीठ विरघळून मातीच्या कणांमध्ये शिरते, सकाळी ऊन लागले की तेथेच वाळून त्याचे स्फटिक होतात. हा खेळ पंधरा-वीस रात्री चालला की काचेवर सुटी धूळ राहत नाही, पातळसे पुट बसते. आंब्याच्या बागेशेजारी घर असेल तर डिसेंबरपासून मोहोरावरच्या तुडतुड्यांच्या अंगातून झरणारा गोड चिकटा खाली उडतो, त्यावर काळी बुरशी वाढते, आणि बागायतदार जिला पानांवर पाहून कपाळाला हात लावतात तीच काजळी काचेवरही धरते. नारळाच्या झावळीवर बसणाऱ्या कावळ्यांची आणि पारव्यांची भर वेगळी.

पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग लहान दिसतो म्हणून सोडून देऊ नये. पॅनलमधले सौरघट एका माळेत ओवलेले असतात आणि माळेतला एक घट पूर्ण झाकला गेला तर तो वीज देण्याऐवजी इतरांची वीज खाऊन तापू लागतो. हे टाळण्यासाठी साधारणपणे प्रत्येक पॅनलमध्ये तीन डायोड बसवलेले असतात, जे आजारी भाग बाजूला काढून वीज पुढे सोडतात. म्हणजे तळहाताएवढ्या डागापायी पॅनलचा एक तृतीयांश भाग गप्प बसू शकतो.

मागच्या मार्च महिन्यात देवगड तालुक्यात एका नातेवाइकांच्या आंब्याच्या पॅकिंग शेडवर फवारणीच्या ड्रोनने पॅनल धुण्याचे प्रात्यक्षिक मी जवळून पाहिले. शेडवर बारा पॅनल होते आणि खाली तांबड्या मातीचे खळे होते. चालवणारा मुलगा तरबेज होता. त्याने दहा लिटर पाणी भरले, ड्रोन पॅनलांपासून दोन-अडीच मीटर उंचीवर स्थिर केला आणि फवारा सोडला. पहिल्या अर्ध्या मिनिटात काच ओली होऊन काळीभोर चमकू लागली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ड्रोन शेडच्या कडेला वळला, पंख्यांचा वारा खळ्यात उतरला, आणि तिथली धूळ, सुका पाचोळा व पॅकिंगच्या पेंढ्याच्या काड्या असे सगळे मिळून वर उसळले व ओल्या काचेवर येऊन बसले. दहा मिनिटांनी पाणी वाळले तेव्हा प्रत्येक पॅनलच्या खालच्या चौकटीशी तांबड्या चिखलाची दोन बोटे रुंद किनार जमली होती, विष्ठेचे डाग जागच्या जागी होते आणि मधल्या काचेवर ओघळांचे पट्टे उठले होते. शेडच्या मालक काकांनी खालूनच विचारले, “ह्यां धुतलस की सारवलस रे?”

या फसगतीत मुलाचा दोष नव्हता. फवारणी आणि धुणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि किती वेगळी ते आकड्यांनीच कळते. ड्रोनने औषध मारताना एकरी साधारण दहा लिटर पाणी लागते, म्हणजे एका चौरस मीटरवर जेमतेम अडीच मिलिलिटर. काचेवरचा मळ भिजवून वाहून न्यायचा तर चौरस मीटरला निदान लिटरभर पाणी तरी हवे. हा फरक चारशे पटींचा आहे. साधारण ५५० वॉटचे एक पॅनल सुमारे अडीच चौरस मीटरचे असते, म्हणजे दहा लिटरच्या टाकीत चार पॅनल. घरच्या सहा पॅनलांना दोन टाक्यांत कसेबसे भागेल. पण एखाद्या कारखान्याच्या छपरावर एक मेगावॉटचा संच असेल तर तिथे अठराशेच्या वर पॅनल असतात, आणि त्यांच्यासाठी साडेचारशेहून अधिक वेळा खाली उतरायचे, टाकी भरायची, दर फेरी-दोन फेऱ्यांनी बॅटरी बदलायची आणि पुन्हा वर जायचे.

हे पाणी उचलून धरायला लागणारी शक्तीही थोडीथोडकी नाही. टाकी भरलेल्या फवारणी-ड्रोनचे एकूण वजन २५ किलोच्या जरा आत ठेवतात. एवढे वजन हवेत एका जागी तोलून धरण्यासाठी पंख्यांनी सतत हवा खाली ढकलावी लागते आणि पंख्यांचा आकार धरून हिशेब केला तर बॅटरीतून तीन ते चार किलोवॅट शक्ती ओढली जाते. ज्या घरावर तीन किलोवॅटचे पॅनल आहेत, त्या घराचा सगळा संच भर दुपारच्या उन्हात जेवढी वीज करील तेवढी ह्या यंत्राला नुसते उभे राहायला लागते. म्हणून भरल्या टाकीने उड्डाण दहा मिनिटांच्या आसपास आटोपते.

पाणी वर नेण्याऐवजी पंप जमिनीवर ठेवावा आणि ड्रोनने फक्त नळीचे तोंड धरावे, हा पुढचा विचार कोणालाही सुचेल, आणि इमारतींच्या भिंती धुणारे ड्रोन याच पद्धतीने चालतात. टाकीची अडचण त्यामुळे मिटते, पण तिच्या जागी तीन नव्या येतात. पहिली वजनाची: बारा मिलिमीटर पोकळीच्या नळीत मीटरमागे सुमारे ११३ ग्रॅम पाणी मावते, त्यात नळीचे स्वतःचे वजन मिळवले की दहा मीटर उंचीला दोन-अडीच किलो ड्रोनला लटकलेले असतात, आणि ड्रोन पुढे सरकला की मागे लोंबणारी नळी त्याला एका बाजूला ओढत राहते. दुसरी अडचण धक्क्याची आहे. बागेला पाणी घालताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की नळी हातात मागे रेटते, हा अनुभव सर्वांना आहे. मिनिटाला दहा लिटर पाणी २० बार दाबाने सोडले तर ते सेकंदाला त्रेसष्ट मीटर वेगाने बाहेर पडते आणि ड्रोनला साधारण एक किलो वजनाएवढ्या जोराने मागे ढकलते. हा रेटा सतत असला तर ड्रोन थोडा पुढे झुकून तो पेलू शकतो; खरा घोटाळा पाणी बंद होण्याच्या क्षणी होतो, कारण तेवढ्या क्षणापुरता ड्रोन नसलेल्या रेट्याशी झगडत असतो आणि पुढे झेपावतो. काचेपासून मीटरभर अंतरावर काम चालले असेल तर ती झेप महागात पडते. तिसरी अडचण नळी अडकण्याची आहे, आणि पन्हळ, डिश टीव्हीची छत्री, केबलच्या तारा व माडाच्या झावळ्या यांनी भरलेल्या घरांवर ती सर्वांत साधी आणि सर्वांत त्रासदायक ठरते.

आता पंख्यांच्या वाऱ्याविषयी, कारण देवगडला खळ्यातली माती त्यानेच वर आणली. पंचवीस किलोच्या ड्रोनला तोलणारी हवा पंख्यांतून सेकंदाला सात-साडेसात मीटर वेगाने निघते, आणि खाली जाताना तो झोत आखडून त्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे. पॅनलला त्याने इजा होत नाही. पॅनल याच्या कित्येक पट वाऱ्याचा दाब सोसतील अशा चाचणीतून गेलेले असतात. पण कौलारू पडवीचे सुटे कौल, सैल पत्रा आणि अंगणातली धूळ यांची तशी चाचणी कोणी घेतलेली नसते. शिवाय हाच झोत फवाऱ्याचे थेंब फोडून बाजूला उडवतो, त्यामुळे काचेवर पडायचे पाणी बरेचसे शेजारच्या परसात जाते. थेंब मोठे करावे तर ते सरळ खाली पडतात पण सारखे पसरत नाहीत, आणि बारीक करावे तर वाऱ्यावर जातात. काचेच्या अगदी जवळ उतरून काम करावे तर वेगळाच प्रश्न उभा राहतो: पृष्ठभागाच्या निकट आल्यावर खालची हवा कोंडल्यासारखी होऊन पंख्यांना जास्तीचा उठाव मिळतो, आणि अर्धे पंखे पॅनलवर व अर्धे दोन पॅनलांमधल्या मोकळ्या जागेवर आले की एक बाजू उचलली जाऊन ड्रोन डगमगतो.

हे सगळे जमवले तरी मूळ प्रश्न राहतोच. पाण्याचा मार बसूनही बारीक मळ काचेला चिवटपणे का धरून राहतो, याचे कारण आकारात आहे. कण काचेला ज्या बलाने चिकटतो ते साधारणपणे त्याच्या व्यासाच्या प्रमाणात असते, तर वाहणारे पाणी त्याला ज्या बलाने ढकलते ते व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून शंभर मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाळूच्या कणापेक्षा पाच मायक्रॉनच्या कणाची पकड वीस पटींनी कमी असली, तरी त्याला बसणारा पाण्याचा रेटा चारशे पटींनी कमी असतो. वाळू वाहून जाते आणि जांभ्याचे पीठ मागे राहते. त्यात मिठाचा आणि चिकट्याचा सांधा पडलेला असेल तर पाणी नुसते वरून निघून जाते. दाब वाढवून हे साधत नाही, कारण पुष्कळ उत्पादक आपल्या सूचनांत जोरदार झोताला मनाई करतात. काचेवरील परावर्तन कमी करणारा पातळ लेप आणि कडेचे सील यांना तो सोसत नाही, आणि असे केल्यास हमीवर पाणी सोडावे लागू शकते. उरतो तो आपला जुना उपाय, मऊ ब्रशने घासणे.

मात्र घासायला पाय रोवावे लागतात. आपण विहिरीवर हंडा घासतो तेव्हा हाताचा जोर मागे पायांवर येतो आणि जमीन तो सोसते. हवेत टांगलेल्या यंत्राला तशी जमीन नाही. त्याने ब्रश काचेवर दाबला की काच त्याला तेवढ्याच जोराने वर ढकलते, ब्रश डावीकडे ओढला की ते स्वतः उजवीकडे सरकते, आणि हे प्रत्येक ढकलणे त्याने क्षणाक्षणाला पंख्यांचा वेग बदलून भरून काढायचे असते. ड्रोन सरळ काचेवर उतरवून चाकांवर चालवला तर वीस-पंचवीस किलोंचा भार तीन-चार ठिपक्यांवर येतो. पॅनलची चाचणी सगळ्या काचेवर सारख्या पसरलेल्या दाबासाठी होते. ठिपक्यांवरच्या भाराने आतल्या घटांना डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊ शकतात, जसे पॅनलवर पाय देऊन चालणाऱ्या माणसाने जातात. माझ्या मते या सगळ्यांत शहाणा उपाय तो, ज्यात ड्रोन घासतच नाही: तो घासणाऱ्या हलक्या यंत्राला उचलून एका रांगेवर ठेवतो, यंत्र काचेवर आपल्या पट्ट्यांनी धरून चालते, आणि रांग संपली की ड्रोन त्याला दुसरीकडे नेतो. लांबलचक रांगांच्या प्रकल्पात हे शोभते. सहा पॅनल, त्यांतले चार एका उताराला आणि दोन दुसऱ्या, अशा घरावर ते यंत्र उचलण्या-ठेवण्यातच सकाळ जाईल.

ड्रोनला आपण नेमके कुठे आहोत हे कळण्याचीही पंचाईत असते. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटरची असू शकते, म्हणजे पॅनलच्या रुंदीपेक्षा जास्त. जमिनीवर जोड-केंद्र, म्हणजे ड्रोनची चूक दुरुस्त करणारे स्थिर यंत्र, ठेवून ती दोन-चार सेंटिमीटरवर आणता येते, परंतु पत्र्यावरून परतलेले उपग्रहांचे संकेत त्यात पुन्हा गोंधळ घालतात. खाली पाहणारा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा ओळखून जागा ठरवतो. पॅनल मात्र सगळे एकाच साच्यातले असतात, आणि त्यांत आकाश व खुद्द ड्रोनच उलटा दिसत असतो. लेसरने उंची मोजावी तर तिरक्या काचेवर पडलेला किरण आरशावरून जावा तसा भलतीकडे निघून जातो आणि यंत्राला वाटते, खाली काही नाहीच. रडार यापेक्षा बरे चालते, म्हणून शेतीच्या ड्रोनवर ते असते. बारीक तारा आणि झावळीची टोके मात्र जवळजवळ कोणत्याच यंत्राला वेळेवर दिसत नाहीत.

वेळेचे गणित कोकणात नशिबाने बरे जुळते. दुपारी काच साठ अंशांच्या पुढे तापलेली असताना तिच्यावर विहिरीचे पाणी ओतू नये, हे पुष्कळ उत्पादक सांगतात. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे पहाटे मंदावलेले असतात आणि उन्हे चढल्यावर खारे वारे सुरू होतात. त्या दोहोंच्या मधली, साधारण उजाडल्यापासून नऊपर्यंतची वेळ शांत असते, काच थंड असते, वीज कमी वाहत असते आणि दंवाने मळ आधीच भिजलेला असतो. त्या तीन तासांबाहेर किनाऱ्यालगतच्या छपरावर असा ड्रोन उडवणाऱ्याला मी शेजारी म्हणून पसंत करणार नाही.

पाणी कोणते वापरायचे हेही पाहिले पाहिजे. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ बोअरवेलींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. लिटरमध्ये हजार मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याने धुतले आणि काचेवर चौरस मीटरला शंभर मिलिलिटर पाणी तसेच वाळू दिले, तर शंभर मिलिग्रॅम क्षारांचे नवे पुट आपणच चढवतो. हाताने धुणारा माणूस शेवटी पाणी निपटून काढतो, ड्रोन ते वाळायला सोडून जातो. म्हणून ड्रोनला गोडे पाणी अधिक लागते. हीच खारी हवा ड्रोनच्या मोटारींच्या बेअरिंगांत आणि बॅटरीच्या जोडांत शिरते, तेव्हा प्रत्येक दिवसाच्या कामानंतर यंत्रच ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे लागते. कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दोन ते पंचवीस किलोंचा ड्रोन ‘स्मॉल’ वर्गात येतो, त्याची नोंदणी आणि चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते, आणि चिपी विमानतळाच्या परिसरातल्या गावांनी उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे भाग आहे.

शेवटी पैसा. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर तीन किलोवॅटचा संच बारा युनिट देतो. मळाने त्यातले पाच टक्के गेले असे समजू: दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडे अधिक, महिन्याला अठरा युनिट, म्हणजे फार तर दीडशे रुपये. एवढ्यासाठी ड्रोन, चालक, बॅटऱ्यांचा संच आणि पाण्याची सोय दारात आणणे परवडणार नाही. एक मेगावॉटच्या छपरावर तेच पाच टक्के दिवसाला दोनशे युनिट होतात, आणि छप्पर उंच, उताराचे व माणसाला धोक्याचे असेल तर तिथे नळीच्या ड्रोनचा विचार अवश्य व्हावा. तपासणीचे काम तर ड्रोन आजही उत्तम करतो. उष्णता टिपणारा कॅमेरा लावून भर उन्हात एक फेरी मारली की तापलेले घट चित्रात ठळक दिसतात. त्यासाठी पाणी उचलावे लागत नाही, काचेजवळ जावे लागत नाही आणि पाय रोवण्याचा प्रश्नच येत नाही.

देवगडच्या शेडवर काकांनी पुढे पॅनलांच्या वरच्या कडेला अर्ध्या इंची पाइप आडवा बांधला, त्याला वीतभर अंतरावर भोके पाडली आणि तो स्लॅबवरच्या गोड्या पाण्याच्या टाकीला, मध्ये छोटा पंप टाकून, जोडला. पंधरवड्यातून एकदा पहाटे पाणी सोडतात. दंवाने भिजलेली माती त्याने बरीच उतरते, आणि विष्ठेच्या डागांसाठी शिडीवर उभे राहून लांब दांड्याचा मऊ ब्रश फिरवतात. खालच्या चौकटीशी चिखल अजूनही साचतो. तिथे पाण्याला वाट करून देणारी प्लास्टिकची क्लिप मिळते असे कोणी सांगितल्यावरून त्यांनी बारा क्लिपा मागवल्या आहेत.